शेवेची जाहिरात तिथे कशी पोचली?

२०२३ च्या दिवाळीच्या पंधरा दिवस आधीची गोष्ट. माझ्या मामेभावाचं इंदूरला राजवाड्याच्या मागच्या गल्लीत नमकीनचं दुकान आहे. लौंगशेव, लसूणशेव, खट्टामीठा, आणि दिवाळीत चकल्या-चिवडा. अमेरिकेत गेलेले इंदूरकर दरवर्षी त्याच्याकडून माल मागवतात, म्हणून त्या वर्षी त्यानं पहिल्यांदाच इंटरनेटवर जाहिरात लावली. रोजचे ५०० रुपये, आणि दिसावी फक्त अमेरिकेतल्या भारतीयांना. मी पूर्वी काही वर्षं एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात काम केलेलं. त्यामुळे "ताई, जरा बघून जा ना, पैसे बरोबर ठिकाणी जाताहेत का" असा त्याचा फोन आला.

गल्ल्यामागे बसून आम्ही लॅपटॉपवर यादी उघडली. जाहिरात कुठे कुठे दिसली आणि त्या त्या ठिकाणी किती पैसे गेले, ते त्यात ओळीनं लिहिलेलं असतं. पाककृतींच्या साइट, क्रिकेटचा स्कोअर, पत्त्यांचे खेळ आणि मधेच एक अमेरिकन बातम्यांची साइट. सहज उघडली. वर गरुडाचं चित्र, शेजारी तारीख, 'ताज्या बातम्या' लिहिलेली लाल पट्टी. पहिल्याच लेखात लिहिलं होतं की भारतातून येणाऱ्या इंजिनिअरांनी देश पोखरला आहे, यांना विमानात कोंबून परत पाठवा. त्या साइटवर आमचे ११२ रुपये गेले होते.

भाऊ बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आपल्याला शिव्या द्यायचे पैसे आपणच दिले?"

त्याला तेव्हा जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे नीट सांगते.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. उजव्या विचाराचा माणूस म्हणजे साधारण परंपरा मानणारा, सरकारनं व्यापारात फार हात घालू नये म्हणणारा. असे लोक माझ्या घरात आहेत, आणि ती विचारसरणी लोकशाहीत पूर्णपणे बसते. अतिउजवा म्हणजे त्याच्या पलीकडे गेलेला. देश फक्त एका वंशाचा किंवा एका धर्माचा, बाकीचे घुसखोर नाहीतर शत्रू, आणि न्यायालय, निवडणूक, पत्रकार हे सगळे त्या शत्रूंना सामील, असं मानणारा. अशा विचारावर चालणारी माध्यमं जगात शंभरएक वर्षांपासून आहेत. ती चालतात कशी, त्यांच्यावर विश्वास कसा बसतो आणि पैसा कुठून येतो, हा आजचा विषय.

मराठीत यासाठी एक चपखल शब्द आहे. पत. बाजारात ज्याला उधारी मिळते त्याची पत असते, आणि गावात ज्याच्या शब्दाला मान असतो त्याचीही पतच असते. अतिउजव्या माध्यमांचा सगळा धंदा या एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभा आहे. ती दुसऱ्यांची पत उसनी घेतात आणि तिचे रोख पैसे करतात.

आमच्या शेवेच्या जाहिरातीपासून सुरुवात करते. मी कामाला होते तेव्हा दुकानदार रिलीज ऑर्डर द्यायचा: अमुक तारीख, तिसरं पान, इतके कॉलम सेंटिमीटर. जाहिरात कोणत्या बातमीशेजारी लागणार याची त्याला काळजी असायची. एका सराफांची जाहिरात घरफोडीच्या बातमीखाली लागली, तर ते दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन बसले होते. आता दुकानदार जागा विकत घेतच नाही. तो माणूस विकत घेतो. 'अमेरिकेत राहणारा, भारतीय खाणं शोधणारा' एवढं सांगितलं की झालं. तो माणूस इंटरनेटवर जिथे जाईल तिथे क्षणार्धात एक लिलाव होतो. रिकाम्या चौकटीसाठी शेकडो जाहिरातदारांची यंत्रं बोली लावतात, जिंकेल त्याची जाहिरात दिसते. न्यू जर्सीतला कोणी इंदूरकर, आपल्याविषयी काय लिहिलंय म्हणून धास्तावून ती साइट उघडतो, आणि त्याच्यामागोमाग आमची लौंगशेव तिथे पोचते. पैशांतला काही भाग मधल्या कंपन्या ठेवतात, उरलेला साइटवाल्याला जातो. या साखळीतल्या एकाही माणसानं तो लेख वाचलेला नसतो.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात, तसं हे तळं केवढं होतं याचा एक अंदाज ग्लोबल डिसइन्फर्मेशन इंडेक्स या संस्थेनं २०१९ मध्ये दिला. अपप्रचार करणाऱ्या सुमारे २०,००० साइटना जाहिरातींतून वर्षाला २३ कोटी ५० लाख डॉलर मिळत होते. आणि यात जाहिरातदाराकडून साइटकडे फक्त पैसा जात नाही, पतही जाते. नामांकित बँकेची, मोटारीची जाहिरात शेजारी दिसली की वाचणाऱ्याला वाटतं, एवढी मोठी कंपनी इथे आहे म्हणजे हे वर्तमानपत्र बरं असणार.

हा धागा पहिल्यांदा ठळकपणे ओढला तो २०१६ च्या नोव्हेंबरात, 'स्लीपिंग जायंट्स' नावाच्या ट्विटर खात्यानं. मागे दोन माणसं होती, मॅट रिविट्झ आणि नंदिनी जम्मी, दोघंही जाहिरात-मार्केटिंगच्या क्षेत्रातली. त्यांची पद्धत अगदी साधी. ब्राइटबार्ट या अमेरिकेतल्या अतिउजव्या बातम्यांच्या साइटवर कोणत्या कंपनीची जाहिरात दिसते त्याचा फोटो काढायचा आणि त्या कंपनीलाच जाहीरपणे विचारायचं: तुमची जाहिरात इथे आहे, तुम्हाला माहीत आहे का? बहुतेकांना माहीत नव्हतं. केलॉग्जनं त्याच महिन्यात जाहिराती थांबवल्या, तेव्हा ब्राइटबार्टनं उलट केलॉग्जवर बहिष्काराची हाक दिली. पुढे हजारो कंपन्या बाहेर पडल्या.

तरी ब्राइटबार्ट बंद पडली नाही, कारण जाहिरात हा एकच नळ नव्हता. तिच्यामागे रॉबर्ट मर्सर या अब्जाधीशाच्या कुटुंबाचा पैसा होता. अशा माध्यमांना पोसणाऱ्या धनिकाला दर महिन्याला नफा लागतोच असं नाही, त्याला वजन हवं असतं. हा प्रकार जुना आहे. मोटारी बनवणाऱ्या हेन्री फोर्डनं 'डिअरबॉर्न इंडिपेंडंट' नावाचं साप्ताहिक विकत घेतलं आणि १९२० पासून त्यात ज्यूंविरुद्ध विषारी लेखमाला चालवली. साप्ताहिक तोट्यात होतं. पण फोर्डच्या मोटारी विकणाऱ्या देशभरातल्या डीलरांना त्याच्या वर्गण्या गोळा कराव्या लागत. विचार करा, गावातला भरवशाचा मोटार विक्रेता गाडीच्या चाव्यांबरोबर ते साप्ताहिक हातात ठेवतो. मोटारीची पत लेखाला मिळते. ॲरन सापिरो या वकिलानं खटला भरल्यावर १९२७ मध्ये फोर्डनं माफी मागितली आणि साप्ताहिक बंद केलं. तोवर त्या लेखांची पुस्तकं जर्मनीत पोचून वाचलीही गेली होती.

फ्रान्समध्ये हे आपल्या डोळ्यांदेखत झालं. व्हँसाँ बोलोरे या उद्योगपतीच्या ताब्यात आय-टेले ही बातम्यांची वाहिनी आली. २०१६ मध्ये तिथल्या पत्रकारांनी ३१ दिवस संप केला आणि त्यानंतर अनेक जण सोडून गेले. २०१७ मध्ये वाहिनीचं नाव सीन्यूज झालं. वार्ताहर गेले, स्टुडिओतल्या चर्चा आल्या. मला हा बदल सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण यात विचार आणि हिशेब दोन्ही एकत्र बसतात. बातमी आणायची तर वार्ताहर, कॅमेरामन, गाडी, चार दिवस आणि वकिलाचा सल्ला लागतो. चर्चेला एक टेबल, पाच खुर्च्या आणि एक चिडलेला माणूस पुरतो. तो चिडलेला माणूस म्हणजे एरिक झेमूर. वंश आणि धर्मावरून चिथावणी दिल्याबद्दल त्याला न्यायालयानं आधीच दोषी ठरवलं होतं, तरी २०१९ पासून तो रोज संध्याकाळी पडद्यावर दिसू लागला. एकट्या येणाऱ्या स्थलांतरित मुलांविषयी तो जे बोलला त्याबद्दल मार्च २०२१ मध्ये वाहिनीला २ लाख युरो दंड झाला. २०२२ मध्ये झेमूर राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला आणि सुमारे ७ टक्के मतं घेऊन गेला. मे २०२४ मध्ये सीन्यूज फ्रान्समधली सर्वांत जास्त पाहिली जाणारी बातम्यांची वाहिनी झाली. दंडाच्या रकमेपेक्षा रोज संध्याकाळी मिळणाऱ्या प्रेक्षकांची किंमत कितीतरी जास्त होती.

आता पत उसनी घेण्याच्या वाटा जरा जवळून पाहू. मला यातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात भयंकर वाटते ती आल्फ्रेड हुगेनबर्गची. पहिल्या महायुद्धानंतरच्या जर्मनीत, क्रुप या पोलाद कंपनीच्या संचालकपदावरून आलेला हा माणूस उद्योगपतींचा पैसा घेऊन माध्यमांत उतरला. महागाईनं लहान गावांतल्या वर्तमानपत्रांचं कंबरडं मोडलेलं. कागद परवडेना, मजकूर जुळवायला माणसं परवडेनात. हुगेनबर्गच्या कंपन्या त्यांना स्वस्तात तयार पानांचे साचे पाठवायच्या. साचा छापखान्यात नेला, शिसं ओतलं की पान तयार. त्यात राजकारण असायचं, आणि सगळा सूर कडव्या राष्ट्रवादाचा, नव्या प्रजासत्ताकाविरुद्ध. वर नाव मात्र गावातल्या जुन्या पेपरचं. वाचणाऱ्याला वाटायचं, आपले ओळखीचे संपादक लिहिताहेत. १९२७ मध्ये त्यानं उफा ही चित्रपट कंपनीही घेतली, म्हणजे सिनेमाआधीची वार्तापत्रंही त्याची. जानेवारी १९३३ मध्ये तो हिटलरच्या पहिल्या मंत्रिमंडळात मंत्री झाला, आणि पाच महिन्यांत त्याला बाहेरही पडावं लागलं. त्यानं घरोघरी तयार केलेली जमीन मात्र दुसऱ्यांच्या कामी आली.

मी छापखान्यात उभी राहिलेली बाई आहे. पान मशीनवर चढताना कोणीतरी शेवटची नजर टाकायचं, चूक दिसली की मशीन थांबायचं. तयार साचा आला की ती नजर जाते. गावच्या पेपरचं नाव टिकतं आणि त्या नावामागचा माणूस निघून जातो. वाचक इतक्या वर्षांच्या सवयीनं विश्वास ठेवत राहतो.

दुसरी वाट म्हणजे प्रवेशपत्र. 'गेटवे पंडित' ही साइट खोट्या कटकथांसाठी कुप्रसिद्ध होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये तिचा प्रतिनिधी व्हाइट हाउसच्या पत्रकार कक्षात जाऊन बसला. तिथल्या खुर्चीचा एक फोटो, आणि साइट 'व्हाइट हाउस कव्हर करणारं माध्यम' झाली. पुढे याच साइटनं २०२० च्या निवडणुकीत जॉर्जियातल्या मतमोजणीवर काम करणाऱ्या दोन महिला कर्मचाऱ्यांवर, त्या मायलेकी होत्या, घोटाळ्याचे खोटे आरोप केले. त्या दोघींना धमक्या आल्या. त्यांनी खटला भरला आणि २०२४ मध्ये साइटला तडजोड करावी लागली.

तिसरी वाट ओळखणं सगळ्यात अवघड, कारण तिच्यात एकही वाक्य खोटं असायची गरज नसते. समजा, एका शहरात महिन्याला शंभर चोऱ्या होतात. त्यातल्या एका समाजाच्या माणसांनी केलेल्या नऊ. तुम्ही फक्त त्या नऊच छापा, आरोपीचं नाव मथळ्यात, फोटो मोठा. बाकीच्या एक्क्याण्णवांचं नाव काढू नका. महिनाभरात वाचकाला वाटेल, शहरात चोऱ्या करतात ते हेच. तक्रार केली तर संपादक म्हणेल, दाखवा यातली कोणती बातमी खोटी आहे. ब्राइटबार्टवर एके काळी 'कृष्णवर्णीयांचे गुन्हे' असा बातम्यांचा वेगळा कप्पाच होता. कप्प्याला नाव दिलं की निवड आपोआप होते.

आणि चौथी म्हणजे गोडी. रवांडातला आरटीएलएम हा रेडिओ जुलै १९९३ मध्ये सुरू झाला तेव्हा लोकांना आवडला तो गाण्यांमुळे. सरकारी रेडिओ रुक्ष होता. इथे नवं संगीत, गल्लीतल्या भाषेतल्या गप्पा, विनोद, ऐकणाऱ्यांचे फोन. भांडवलासाठी सामान्य लोकांना शेअरही विकले होते. तो घरचा झाल्यावर त्याच गप्पांतून तिथल्या अल्पसंख्य तुत्सी समाजाला 'झुरळं' म्हटलं जाऊ लागलं, आणि एप्रिल १९९४ पासून तर मारायच्या माणसांची नावं आणि ठिकाणंही. शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं २००३ मध्ये या रेडिओच्या दोन संस्थापकांना दोषी ठरवलं.

एवढी पत जमली की पैसे करायला सोपं जातं, आणि ते सगळ्यात उघडपणे केलं अमेरिकेतल्या ॲलेक्स जोन्सनं. त्याच्या 'इन्फोवॉर्स' या कार्यक्रमात बातम्या असायच्या, पण खरी कमाई दुकानातून होती. तो सांगायचा, सरकार पाण्यात विष कालवतंय. मग पाण्याचा फिल्टर विकायचा. अणुदुर्घटनेची भीती घातली की आयोडीनचे थेंब. समाज कोसळणार म्हटलं की वर्षानुवर्षं टिकणारं डबाबंद जेवण. पुरुषांची ताकद कमी केली जातेय म्हटलं की गोळ्या. भीती आणि तिच्यावरचा उपाय एकाच गल्ल्यावर.

१४ डिसेंबर २०१२ ला कनेटिकटमधल्या सँडी हुक शाळेत एका बंदूकधाऱ्यानं २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली. जोन्स वर्षानुवर्षं सांगत राहिला की हे घडलंच नाही, ते आईबाप नट आहेत. ज्यांची सहा-सात वर्षांची मुलं गेली, त्यांना लोक रस्त्यात अडवून 'मूल जिवंत असल्याचं कबूल करा' म्हणायचे. काही कुटुंबांना पुन्हा पुन्हा घरं बदलावी लागली. शेवटी त्या आईबापांनी खटले भरले, आणि त्यांतून हिशेब बाहेर आला. सप्टेंबर २०१५ ते २०१८ अखेर त्या दुकानाची विक्री १६ कोटी ५० लाख डॉलर होती. २०१८ मध्ये काही दिवस असे होते की एका दिवसात आठ लाख डॉलर. २०२२ मध्ये टेक्ससच्या न्यायालयात जोन्सनं कबूल केलं की हत्याकांड शंभर टक्के खरं होतं. त्याच वर्षी कनेटिकटच्या ज्यूरीनं ९६ कोटी ५० लाख डॉलर भरपाई ठोठावली. हा आकडा मोठा आहे. पण मला त्याहून जास्त छळतो तो पहिला आकडा. कुणाच्या तरी मेलेल्या मुलाला खोटं ठरवणारा कार्यक्रम चालू असताना, तो बघत बघत लोक फिल्टर मागवत होते.

काही माध्यमांना ग्राहकाच्या खिशापर्यंतही जावं लागत नाही. अमेरिकेत केबल घेतलं की पॅकेजमधल्या प्रत्येक वाहिनीला महिन्याला काही सेंट जातात, तुम्ही ती बघा किंवा बघू नका. वन अमेरिका न्यूज या कडव्या वाहिनीचं ९० टक्के उत्पन्न एटी अँड टी या दूरसंचार कंपनीच्या सेवांमधून येत होतं, हे वाहिनीच्याच हिशेबनीसाच्या शपथेवरच्या साक्षीतून पुढे आलं. रॉयटर्सनं २०२१ मध्ये ते छापलं. एप्रिल २०२२ मध्ये डायरेक्टीव्ही या एटी अँड टीची मोठी मालकी असलेल्या टीव्ही सेवेनं ही वाहिनी दाखवणं बंद केलं आणि तिचा कणाच मोडला. म्हणजे फुटबॉल बघायला पॅकेज घेणारी लाखो घरं त्या वाहिनीचा पगार भरत होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. आमच्या ११२ रुपयांसारखंच.

यात एक गाठ मालकांच्याही गळ्याला बसते. फॉक्स न्यूजला सगळेच अतिउजवं म्हणणार नाहीत, पण २०२० च्या निवडणुकीनंतर तिथे जे झालं त्यातून हा सापळा दिसतो. फॉक्सनं ट्रम्प हरल्याचा खरा निकाल सांगितला म्हणून चिडलेले प्रेक्षक आणखी कडव्या न्यूजमॅक्सकडे जाऊ लागले. मतदान यंत्रांच्या घोटाळ्याची गोष्ट खोटी आहे हे आतल्या लोकांना माहीत होतं, तसे त्यांचे संदेश पुढे न्यायालयात आले. एका महिला वार्ताहरानं ट्विटरवर तो दावा खोडला, तर टकर कार्लसन या बड्या अँकरनं सहकाऱ्यांना लिहिलं, तिला काढा, शेअरचा भाव पडतोय. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सनं बदनामीच्या खटल्यात तडजोड करून डोमिनियन या मतदान यंत्रांच्या कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर दिले. वर्षानुवर्षं राग वाढला की तो राग मालक होतो, आणि संपादक त्याचा नोकर.

बंदी घालून हे थांबतं का, असं भावानंही विचारलं होतं. जर्मनीनं जुलै २०२४ मध्ये 'कॉम्पॅक्ट' या अतिउजव्या मासिकावर बंदी घातली. महिन्याभरात न्यायालयानं तिला बव्हंशी स्थगिती दिली आणि जून २०२५ मध्ये ती रद्दच केली. मासिकाला मधल्या काळात 'आमचा आवाज दाबला' हे सांगायला मिळालं, आणि अशा माध्यमांना याहून मोठी पत दुसरी नाही. मला पैशाची वाट अडवणं आणि खोट्याबद्दल न्यायालयात खेचणं जास्त कामाचं वाटतं. सँडी हुकचे आईबाप, जॉर्जियातल्या मायलेकी, डोमिनियन, या तिघांनीही बंदीची वाट धरली नाही. तुम्ही बोललात त्याची किंमत भरा म्हटलं.

आपल्याकडेही गणित हेच आहे. जानेवारी २०२३ मध्ये द्वेषभाषणांवरच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं होतं की वाहिन्या टीआरपीसाठी आपसात चढाओढ करताहेत. पण मला इंदूरचं सांगायचंय. इथल्या मराठी घरांत सकाळचा पेपर पिढ्यान् पिढ्या हिंदी. आमच्याकडे १९४७ साली सुरू झालेला नईदुनिया यायचा. त्याचे संपादक राहुल बारपुते मराठी घरातले, याचा आजोबांना फार अभिमान. पण त्यांचा त्या पेपरवर विश्वास बसला तो त्यातल्या वाचकांच्या पत्रांमुळे. पेपरलाच चुकीचं ठरवणारी पत्रं पेपर छापायचा. एकदा आजोबांनी एका पुलाच्या लांबीवरून पत्र टाकलं, ते छापून आलं, आणि ते कात्रण कितीतरी वर्षं देवघराच्या खणात होतं. चूक सांगणाऱ्याला जागा देणं, अशी ती पत होती. आज मी कोणतीही नवी साइट उघडली की हेच शोधते. संपादकाचं नाव, पत्ता, आणि चुकलेली बातमी दुरुस्त केल्याची एखादी तरी खूण. नसेल तर बाजूला काय विकायला ठेवलंय ते बघते.

२९ जुलै २०२४ ला इंग्लंडमधल्या साउथपोर्ट गावात नृत्याच्या वर्गात घुसून एका १७ वर्षांच्या मुलानं तीन लहान मुलींचा खून केला. पोलिसांनी नाव जाहीर केलं नव्हतं. काही तासांत एक मुस्लिम नाव फिरू लागलं, होडीतून आलेला निर्वासित म्हणून. ते पूर्ण खोटं होतं. मुलगा कार्डिफमध्ये जन्मलेला. 'चॅनल३नाऊ' नावाच्या साइटनं ते नाव बातमीसारखं छापलं. नाव अमेरिकन टीव्ही वाहिनीसारखं, मांडणी तशीच. बीबीसीनं शोध घेतला तेव्हा दिसलं की ती वेगवेगळ्या देशांतल्या लोकांनी मिळून चालवलेली, गुन्ह्यांच्या बातम्यांवर पैसे मिळवणारी साइट आहे. त्यांना इंग्लंडशी देणंघेणं नव्हतं, विचारसरणीशीही नसावं. क्लिक हवे होते. दुसऱ्याच दिवशी साउथपोर्टच्या मशिदीवर हल्ला झाला, आणि पुढचा आठवडाभर ठिकठिकाणी दंगली. इंग्लंडच्या अतिउजव्यांना हवी होती ती बातमी ज्यांनी पुरवली ते केवळ दुकानदार होते.

माझी आतेबहीण मँचेस्टरजवळ राहते. त्या आठवड्यात तिनं मुलांना घराबाहेर सोडलं नाही. दंगेखोर कातडीचा रंग बघतात, धर्म विचारत नाहीत, असं ती फोनवर म्हणाली. आणि त्याच दिवशी आमच्या घरच्या ग्रुपवर, ज्यात तीही आहे, काकांनी ते खोटं नाव असलेला मेसेज टाकला. खाली बातमीची लिंक. काका बँकेतून निवृत्त झालेले, साध्या व्याजाचा हिशेबसुद्धा दोनदा तपासणारे. त्यांच्या मेसेजखाली सहा जणांनी हात जोडले होते.

मी रात्री त्यांच्या घरी गेले. म्हटलं, "काका, हे नाव खोटं आहे, पोलिसांनीच सांगितलंय." त्यांनी चष्मा लावला, पोलिसांचं निवेदन दोनदा वाचलं. "मला पाटणकरांनी पाठवलं," म्हणाले. "पाटणकर काही उगाच पाठवत नाहीत." मग जरा थांबून म्हणाले, "आणि माझ्याकडून ज्यांना गेलं, तेही हेच म्हणत असतील."

त्यांनी तो मेसेज आणखी तीन ग्रुपांत टाकला होता: बँकेतल्या निवृत्तांचा, सकाळच्या फिरण्याचा, आणि शाळेतल्या मित्रांचा. नुसतं पुसून उपयोग नव्हता, मेसेज पुढे गेला होता. म्हणून त्यांनी हातानं, एका बोटानं टाइप करून, चारही ग्रुपांत लिहिलं: "आज मी पाठवलेली बातमी खोटी आहे. चूक माझी आहे." खाली पूर्ण नाव लिहिलं, चेकवर सही करतात तसं. फिरण्याच्या ग्रुपवर दोघांनी आभार मानले. शाळेच्या ग्रुपवर कोणी काहीच बोललं नाही. बँकेच्या ग्रुपवर रात्री साडेअकराला एका जुन्या सहकाऱ्याचा प्रश्न आला, "पण ती बातमी होती ना, वाहिनीची?" काकांनी मला फोन केला. आम्ही दोघं फोनवर बसून त्या वाहिनीविषयी काय लिहायचं ते एकेक वाक्य ठरवत होतो, बारा वाजून गेले तरी.